कबुली मागे घ्यायचा शेवटचा दिवस

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत ताई पिशवी पोटाशी धरून बसली होती. पिशवीत अर्ज होता आणि एका बंद पडलेल्या दवाखान्याची नोंदवही, परवाच डॉक्टरांच्या माळ्यावर सापडलेली. गोदाम पेटलं, आतला पहारेकरी जळून मेला, त्या दुपारी तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणून सलाइन लावून पडला होता. वहीत वेळेसकट लिहिलेलं. ताई स्वतः उशाशी होती, पण बहिणीची साक्ष कोण धरतो? वकिलाने पोराला घोळात घेतलं, "कबूल कर, सात वर्षांत सुटशील, नाहीतर जन्म आत जाईल." केलं गाढवाने कबूल. ती कबुली मागे घ्यायला कायद्याने एक वर्ष दिलेलं. आज शेवटचा दिवस. चारला समोरच्या कोर्टाची खिडकी बंद झाली, की मग देव आला तरी अर्ज घेत नाहीत.

"सही कर. सव्वातीन झालेत."

भावाने कागद वाचला आणि परत सरकवला. "हे खोटं आहे, ताई. आग मीच लावली."

"डोकं फिरलंय का तुझं? शुद्ध तरी होती का तुला?"

"मलाही तसंच वाटायचं."

दर मंगळवारी इथे सगळ्यांना गोल बसवून आपापला गुन्हा सांगायला लावतात, तो म्हणाला. नाही म्हणेल त्याच्या भेटी बंद. ताई भेटावी म्हणून तो आधी नुसतं ठोकून द्यायचा. मग हळूहळू दिसायला लागलं. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली. आत पहारेकरी रेडिओबरोबर गुणगुणत होता. हे सगळं त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं. ताईने कागद पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"हात जोडते रे बाबा, सही कर."

"केस उघडली तर तुझं नाव निघेल. तू दारात उभी होतीस. काडेपेटी तूच दिलीस. मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही."

आता काय म्हणावं या माणसाला? ताईने वही पुढे केली, विनवण्या केल्या, शिव्या घातल्या. तो मायेने बघत राहिला. चार वाजले आणि रस्त्यापलीकडचं शटर खाली आल्याचा आवाज इथवर ऐकू आला.

ताई ढसाढसा रडली. "मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते रे."

"कसल्या पट्ट्या? आठवतंय?"

तिने आठवून पाहिलं. पट्ट्या काही डोळ्यांपुढे येईनात. दिसलं ते गोदामाचं दार, हिरवं, खाली गंजलेलं. त्या बाजूला ती जन्मात कधी गेली नव्हती.

भावाने तिच्या हातावर हात ठेवला.

"सांगत गेलीस की सगळं आठवेल," तो म्हणाला.