एकोणीस इंच आणि एक सूत

"बंदुका हायत का जुगार हाय, एवढंच बघून या," जीवन म्हणाला आणि जिन्याकडे बोट दाखवून स्वतः दोन पावलं मागे सरकला. "तीन रविवार झाले, काका. शटर अर्धं खाली, आन आतून आवाज येतो की, हल्ला करा, टार्गेट घ्या, उरलेले मेले समजा."

"मंग तू जा की. गोदाम तुझं हाय."

"मी गेलो तर सावध होतील. तुमच्यावर कोन संशय घेनार? तुमचा एक शब्द गावात कोन खरा मानत न्हाय."

हे त्याने मायेने म्हटलं, म्हणून मी रागावलो नाही. शिवाय ते खरंच होतं. खाडीतल्या एका खेकड्याने माझं मनगटी घड्याळ नेलं आणि पुढच्या भरतीला चावी देऊन परत आणलं, ही हकीकत मी आमच्या राहनाळ गावात इतक्यांदा सांगितली आहे की लोक मला त्या खेकड्याची खुशाली विचारतात. महापुरात भाताच्या कणगीत बसून मी ठाण्याला जाऊन आलो, हीही माझीच. त्यातली कणगी तेवढी खरी होती.

जीवन माझ्या चुलतभावाचा मुलगा. बापाने जिथे भात लावला तिथे याने गोदाम लावलं. खाली तान्ह्या मुलांच्या लंगोटांची खोकी छतापर्यंत, वर एक गाळा भाड्याने, आणि गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत मी.

"आज एक दिवस खरं बोला, काका," तो म्हणाला. "जुगार असला तर उद्या सकाळी कुलूप. दुसरं काय असलं तर आत्ताच पोलीस. आपल्या भिवंडीत असलं काय निघालं की पोलिसांच्या आधी टीव्हीवाले येतात, आन पाटी माझ्या गोदामाची दिसते."

मी वर गेलो. शटरखालून वाकून आत शिरलो, तर बोलणं तुटलं, आणि एका बाईने पटकन टेबलावर चादर ओढली. चादरीखाली उंचसखल काहीतरी होतं. माणूस झोपलाय म्हणावं तर फार रुंद होता.

आत तिघं होती. गाळा ज्याच्या नावावर तो अरशद, लूमचे सुटे भाग विकणारा. चादर ओढणारी क्षितिजा, ठाण्याची दातांची डॉक्टर. तिच्या हातात दात कोरायची सळई होती. आणि प्रितेश. हा वडपे गावातल्या एका गोदामात माल चोरीला जातो का यावर नजर ठेवतो. रविवारची सुट्टी असली तरी नजरेला सुट्टी नव्हती.

"काय काम होतं, काका?" त्याने विचारलं.

"पानी गळतंय का बघायला आलो."

"वर पाण्याची लाइनच नाहीये."

"म्हनून तर आलो. नसताना गळत असंल तर लय वाईट."

क्षितिजा हसली. प्रितेश हसला नाही. अरशदने त्याच्याकडे पाहिलं, एक श्वास सोडला आणि चादर काढली. "देखो चाचा. छुपाने जैसं काही नाही."

टेबल चांगलं सहा फूट होतं. थर्माकोलच्या टेकड्या, काथ्याची झाडं, निळ्या रंगाची नदी. आणि दोन्ही काठांवर बोटाच्या पेराएवढे शिपाई, शेदोनशे तरी असतील. कोटाची बटणंसुद्धा रंगवलेली. घोडे, तोफा, निशाणं. मधोमध चार फासे.

फासे दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. चला, जुगारच आहे.

"पैसं कुठं हाय?" मी विचारलं.

"कसले पैसे?"

"हरनारा काय देतो?"

"समोसे," क्षितिजा म्हणाली.

तीन मोठी माणसं, त्यातली एक डॉक्टर, रविवारी दुपारी पत्र्याखाली घामाघूम होऊन समोशांसाठी लढतात, हे मला सांगत होती. मी आयुष्यभर थापा मारल्या आहेत. कच्ची थाप मला लगेच कळते. मी खुर्ची ओढून बसलो. खालून काही येतं का, खिशातून काही निघतं का, पाहत राहिलो. प्रितेश माझ्याकडे पाहत राहिला. असा तासभर गेला.

मधेच मी एक शिपाई तळहातावर घेतला. नगारेवाला होता, एक हात तुटलेला. वजन केलं तसा माझा संशय पुन्हा जागा झाला.

"शिसं हाय हे," मी म्हणालो. "बंदुकीची गोळी शिशाचीच असते."

"खलीलमामू लाया था," अरशद म्हणाला. "बोटीवर खलाशी होता. सत्याऐंशी साली परदेशातून बिस्किटाचा डबा भरून हे शिपाई आणले, आणि नियमांची ही किताब. हा नगारेवाला मामूने पहिला रंगवला. मामूला जाऊन चार वर्षं झाली." मग आवाज उतरवून म्हणाला, "चाचा, याआधी दोन जागा सोडाव्या लागल्या आम्हाला. डब्यात शिसं, तोंडात तोफा, आणि माझं नाव अरशद. लोक पूछते नहीं, समझ जाते हैं. इथूनही काढलं तर हे सगळं माळ्यावर जाईल. फिर नहीं उतरेगा."

 मी त्यांच्या खिशांकडे बघत जुगार शोधायचं सोडलं.

क्षितिजाची तोफ टेकडीवर होती. पलीकडे प्रितेशचे घोडेस्वार. ती डोळे बारीक करून बघत होती. "अठरा इंच," ती म्हणाली.

"मोजून घे की, पट्टी हाय ना," मी म्हणालो.

"तेच तर नाही करायचं. नव्या खेळांत आधी मोजता येतं. आम्ही मामूंचे जुने नियम खेळतो. आधी बोलायचं, मग मोजायचं. आणि बोललेलं मागे घेता येत नाही."

असा नियम मला कुणी जन्मात लावला असता, तर मी मुका मेलो असतो. पण अठरा हा आकडा ऐकून मला राहवलं नाही.

"साडेबावीस," माझ्या तोंडून गेलं.

प्रितेशने टेप लावली. साडेबावीस.

"काकांनी आधी मोजलं असणार," तो म्हणाला. त्याने टेबलावर कुठे खूण आहे का पाहिलं, माझ्या खुर्चीखाली पाहिलं. मग मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, शिपाई हलवले आणि म्हणाला, "आता वळा. सांगा."

"चौदाला एक सूत कमी."

टेप लागली. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, तोही चुकला नव्हता. चौदाला एक सूत कमी. त्याने आणखी तीनदा वळवलं. तिन्ही वेळा तेच. आता सगळी माझ्याकडे अशी बघू लागली की गाळ्यात संशयित एकच उरला.

अरशद मात्र माझ्या हातांकडे बघत होता. "चाचा, कापडाच्या फोल्डिंगला होता काय?"

लूमवाल्याच्या घरातलाच हे ओळखू शकतो.

"एकतीस वरसं," मी म्हणालो. "लूमवरून ताका उतरला, घडी झाली, की नुसता बघून सांगायचो किती कापड हाय आन किती कमी. शेठ म्हनायचा, राघो बोलला ना, मंग मोजू नका."

"मग सोडलं का?"

सांगायचं नव्हतं. पण बोललेलं मागे घेता येत नाही. "मोजायची मशीन आली. पहिल्याच दिशी मी बोललो, शेठ, ही मशीन ताक्याला दीड इंच खाते. शेठ हसला. बोलला, राघो, खेकड्यानं सांगितलं कं? सगळं खातं हसलं. महिन्याभरानं मला घरी पाठवला."

"मशीन खरंच खात होती?" प्रितेशने विचारलं.

"जगात सगळीकडं थापा मारल्या, पोरा. कापडावर कधी न्हाय."

 क्षितिजाने समोशांची पिशवी माझ्यापुढे सरकवली. मी एक घेतला. त्यात तरी वाटाण्यांशिवाय काही होतं का, तेही बघून घेतलं, सवय.

खाली जीवन हातात फोन घेऊनच उभा होता. मी जे पाहिलं ते अक्षराला अक्षर सांगितलं. शिशाचे शिपाई, काथ्याची झाडं, निळी नदी, दातांची डॉक्टर तोफ उडवते, अंदाज चुकला तर गोळा वाया, हरला तो समोसे आणतो.

जीवन ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"काका," तो म्हणाला, "तुमाला बोललो होतो, आज एक दिवस."

"खरं बोलतोय, जीवन. तुझ्या बापाची शपथ."

"कनगीच्या वेळेला पन त्याचीच घातली व्हती." त्याचा अंगठा फोनवर फिरू लागला. "चाळिशीची मानसं भावल्या खेळतात, आन समोशांसाठी? तुमाला त्यांनी काय तरी दिलं, न्हायतर दम दिला. मी चौकीला फोन लावतो."

मला शेठचं हसू आठवलं. तेव्हा माझ्याकडे खऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आता वय झालंय, अक्कल आहे.

"थांब," मी म्हणालो आणि आवाज मेलेला केला. थापेत रंग भरायचा असतो. मी सगळा रंग काढून घेतला. "सांगू नका बोलले, म्हनून बनवून सांगितलं. विम्याच्या एजंटांचं ट्रेनिंग हाय."

जीवनचा अंगठा थांबला. "विम्याचं?"

"टार्गेट म्हंजे पॉलिशीचं टार्गेट. मोठ्या सोसायटीवर हल्ला करा म्हनतात. आन उरलेले मेले समजा, हे विमावाल्यांशिवाय कोन बोलंल?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. "माझं नाव तर न्हाय ना सांगितलं?"

"विचारत व्हते. गोदामाचा मालक कोन, वय काय."

फोन खिशात गेला. "शटर उघडं ठेवायला सांगा," तो म्हणाला, "आन मी गावाला गेलोय." त्या दिवसापासून रविवारी जीवन गोदामाच्या बाजूला फिरकत नाही. मोटारसायकल वळवून मागच्या रस्त्याने जातो.

पुढच्या रविवारी मी वर गेलो तेव्हा टेबलाच्या मधोमध, नदीच्या बाजूला, माझ्यासाठी एक स्टूल ठेवलेलं होतं. अंदाज सांगायचा दोन्ही बाजूंनी मीच, असा त्यांनी ठराव केला होता. प्रितेश टेप हातातच घेऊन बसला होता, ते मी पाहिलं.

शेवटचा डाव होता. क्षितिजाच्या तोफेत एकच गोळा उरला होता. तोफेचे नियम ऐकून ऐकून मला पाठ झाले होते: एकोणीसपर्यंत असलं तर गोळा डोक्यावरून जातो, लागत नाही; त्यापुढे लागतो. समोर अरशदचे मोजके शिपाई, आणि त्यांच्या पुढे तो एका हाताचा नगारेवाला.

"काका?" क्षितिजाने विचारलं.

अरशद टेबलाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. एक सूत. एक सूत गिळायला काय लागतं? कणगीत बसून ठाण्याला गेलेला माणूस मी.

मी वाकलो, नीट पाहिलं.

"एकोणीस आन एक सूत."

प्रितेशने टेप थोडी बाहेर ओढली. मग सोडली. ती सरसर आत गेली, आणि त्याने ती खिशात टाकली.

"मोजा की," मी म्हणालो.

"तुम्ही बोललात ना," तो म्हणाला.

मी नगारेवाला उचलला, सदऱ्याला पुसला आणि मेलेले शिपाई जातात त्या खलीलमामूच्या डब्यात, तुटका हात वर येईल असा, आडवा ठेवला.