सात वेळा उसवलेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, आठ घड्यांचा. उघडलात तर जेवणाच्या टेबलाएवढा, मिटलात तर वहीएवढा. तशी नीट घडी मात्र मला आजवर तीनच माणसांना जमली. बाकीच्यांनी माझं गाठोडं केलं.

छापखान्यात माझा जन्म झाला. नद्या निळ्या, रस्ते तांबडे, टेकड्यांवर बारीक तपकिरी रेषा. या रेषा जितक्या दाटीनं, तितका चढ उभा. शाई वाळल्यावर घडी घालणाऱ्या बाईंनी मला हातात घेतलं आणि माझी चौथी घडी नेमकी एका टेकडीच्या डोक्यावरून पाडली. दोन-चार वर्षांत तिथल्या रेषा झिजून पुसल्या गेल्या. म्हणजे टेकडी आहे, पण किती उभी ते कळत नाही. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मोठमोठ्या कार्यालयांतल्या नकाशांवर अख्खी गावं छापायची राहून जातात आणि साहेब सुखानं निवृत्त होतात. माझी तर एवढीशी टेकडी. ती तेवढी लक्षात ठेवा.

मला घरी आणलं एका शिंप्यानं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको टपालकचेरीत पत्रं वेगळी करायची, त्यामुळे आसपासच्या झाडून सगळ्या खेड्यांची नावं तिला पाठ होती आणि त्यातलं एकही तिनं पाहिलेलं नव्हतं.

"रोज या गावांना पत्रं पाठवते मी," ती म्हणाली, "एकदा स्वतः जाऊन यावं म्हणते."

शिंप्याकडे एक सायकल होती. दुसरी आली. मग मी आलो.

सुट्टीच्या आदल्या दुपारी बेतायच्या टेबलावरचं कापड बाजूला सरायचं आणि मी पसरला जायचो. शिंप्याची पद्धत जगावेगळी होती. तो ओला दोरा माझ्यावर रस्त्याच्या वळणावळणानं ठेवायचा, मग उचलून टेपला लावायचा. एक इंच म्हणजे दोन किलोमीटर.

"एकतीस इंच," तो सांगायचा.

"अगदी तुमच्या धाकट्या भावाची कंबर," ती म्हणायची. "चला, जमेल."

हमरस्ता त्याला चालत नसे. तळ्याकाठची वाट, शेतामधला बांध, झाडांखालून जाणारी गाडीवाट असं शोधून शोधून तो रस्ता जुळवायचा. ठरला की सुईत पांढरा दोरा ओवून त्या वाटेवर कच्चा टाचायचा. होय मित्रांनो, माझ्या अंगावर! पहिल्यांदा सुई एका गावाच्या शाळेतून घुसली तेव्हा मी कळवळलो. पुढे सवय झाली. रस्ता दोघांनी मिळून पुरा केला की पांढरा दोरा उसवायचा आणि तिथे रंगीत, पक्की शिलाई घालायची. रंग ती निवडायची. पाणी लागलं तर निळा, सावली लागली तर हिरवा, आणि जिथे उतरून सायकल ढकलावी लागली आणि भांडण झालं, तिथे लाल. एका मुक्कामाच्या भोवती लाल दोऱ्याचा गोंडाच आहे. तिथे काय झालं होतं ते दोघांनीही कधी कोणाला सांगितलं नाही.

नियम एकच. दोघं गेल्याशिवाय पक्की शिलाई नाही.

माझं नाव झालं. विजार शिवायला आलेली माणसं रस्ता घेऊन जाऊ लागली. विजार मात्र राहूनच जायची. एकदा एक इंजिनिअर आले. माझ्यावर बोट ठेवून म्हणाले, "अहो, इथून सरळ हमरस्त्यानं गेलं तर वीस किलोमीटर वाचतात."

"वाचवून त्यांचं करायचं काय?" शिंप्यानं विचारलं.

 पुढच्या सुट्टीला इंजिनिअर शिंप्याच्या रस्त्यानं गेले आणि परत येताना चाकात तीन काटे आणि तोंडभर हसू घेऊन आले.

तिला मात्र खरं पाहायचं होतं ते नदीपलीकडचं गाव. तिथली पत्रं सगळ्यांत शेवटी जायची, कारण ती नावेची वाट पाहायची. पलीकडे काय असेल याचं तिला फार कुतूहल. नावेत सायकली मावतील का, असं तिनं नावाड्याला कार्ड टाकून विचारलं होतं. उत्तर आलं, 'दोन सायकली मावतात. या.' ते कार्ड तिनं माझ्या घडीत ठेवलं.

शिंप्यानं दोरा मांडला, टाचलाही. रस्ता सुंदर होता. फक्त मध्ये ती टेकडी होती. माझ्या चौथ्या घडीतली.

"हा चढ किती आहे कळत नाही," तो डोळे बारीक करून म्हणाला. "तुझी दमछाक व्हायची."

"मग उतरून चालू."

"छे. पहिल्यांदा नदीवर जायचं तर रस्ता कसा नीट बेतलेला पाहिजे."

त्यानं दोरा उसवला आणि टेकडीला वळसा घालून दुसरा टाचला. त्या वर्षी तिथला पूल नादुरुस्त निघाला. पुढच्या वर्षी तिसरा टाचला, त्यात सावली कमी पडली. चौथ्यात मुक्कामाला जागा धड नव्हती. पाचव्याच्या वेळी एव्हाना मोठ्या झालेल्या लेकीची परीक्षा. सहावा त्याला मनासारखा वाटला, पण रात्रभर विचार करून सकाळी त्यानं तोही उसवला.

"अहो," ती एकदा म्हणाली, "रस्ता आहे तो, कोणाच्या लग्नातला कोट नव्हे. जरा सैल असला तर काय बिघडतं?"

"एवढं एकदा नीट बसू दे गं. मग जाऊच."

ती हसली. पण त्या दिवशी घडी घालताना तिचा हात कार्डावर जरा थांबला. ते मला कळलं. घडी तिला छान जमायची.

सातवा टाचून झाला तेव्हा रस्ता खरंच निर्दोष होता. सगळीकडे सावली, कुठेही चढ नाही. आणि तेव्हा तिला जिना चढताना धाप लागू लागली होती. डॉक्टर म्हणाले, सायकल विसरा. तिनं सायकल पुसून बोळात भिंतीला टेकवली. मी टेबलावरच होतो. सातव्या दोऱ्यावरून तिनं एकदा बोट फिरवलं, घरापासून नदीपर्यंत.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

थंडी संपायच्या आत ती गेली.

मित्रांनो, नकाशाला रडता येत नाही. ओल लागली की आमचे रंग पसरतात, त्यामुळे ते बरंच आहे. दोन वर्षं मी कपाटात अस्तराच्या कापडांखाली पडून होतो. झुरळांनी माझी एक सरहद्द खाल्ली. सरहद्दच होती, फारसं नुकसान झालं नाही.

मग एका सकाळी शिंप्यानं मला बाहेर काढलं.

"बाबा, मी येते सोबत," लेक म्हणाली. "आईची सायकल आहे की. फक्त सीट वर करावं लागेल."

"नको," तो म्हणाला. "तिच्या मापावर आहे ते."

 लेकीनं थर्मास भरून दिला. दोन कप ठेवले. निघताना तिच्या लक्षात आलं, तेव्हा त्यातला एक काढायला ती पुढे झाली. पण त्यानं पिशवीचं बक्कल लावून टाकलं होतं.

तो सातव्या रस्त्यानं गेला नाही. उसवलेल्या दोऱ्यांची भोकं माझ्यावर अजून आहेत, सात ओळी. त्यातली पहिली ओळ बोटानं चाचपत तो निघाला. टेकडीपाशी उतरला आणि सायकल ढकलत चालू लागला. चढ होता, नाही असं नाही. शिंप्यानं वर पोचून मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

सहा मिनिटं.

त्यानं मला उघडलं आणि चौथ्या घडीवर अंगठा फिरवला, इस्त्रीआधी चुणी सरळ करतात तसा. फिरवतच राहिला. त्या दिवशी मला वाटलं, छापखान्यातच माझा कागद खराब निघून मी टोपलीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

नदीवर नाव लागलेली होती. नावाडी म्हातारा झाला होता. शिंप्यानं कार्ड दाखवलं.

"हे तर माझंच अक्षर!" नावाडी खूश झाला. "म्हणजे ते दोन सायकलीवाले तुम्हीच? अहो, या नावेला आलेलं तेवढं एकच पत्र. बायकोला वाचून दाखवलं होतं मी. फार वाट बघायला लावलीत की!"

"हो," शिंपी म्हणाला. "जरा उशीर झाला."

नावाड्यानं मागच्या रस्त्याकडे पाहिलं. "दुसरी सायकल मागून येतेय का? थांबू?"

शिंप्यानंही वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"थांबा थोडं," तो म्हणाला.

नाव थांबली. एका विजारीची दुमड घालून होईल एवढा वेळ थांबली. नावाडी भला माणूस, वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसला. मग शिंपी म्हणाला, "निघा तुम्ही." सायकल वळवून तो परत आला. पलीकडचं गाव त्यानंही पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं मला टेबलावर पसरलं. सातवा दोरा उसवून टाकला. बराच वेळ रंगांचा डबा चाळला. कुठला घ्यायचा ते त्याला कळेना. ते काम कधी त्याचं नव्हतंच. शेवटी पांढराच ओवला आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या भोकात, आमच्या घरावर, सुई घातली. आणि हात तिथेच थांबला.

दुसरा टाका त्यानं घातला नाही.

आता शिंपीही नाही. लेकीनं मला जपून ठेवलंय, आणि तिची मुलं कधीमधी मला उघडतात. मित्रांनो, माझ्या जातीचे म्हातारे शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मला वापरा. माझ्यावर चहा सांडा, मला पावसात न्या, घडी चुकली तर चुकू द्या. आणि घरातलं कोणी एखाद्या गावाला चला म्हणालं, तर त्याच आठवड्यात निघा. रस्त्यात टेकडी असेल तर उतरून चाला.

जपायचं एवढंच, की मला उघडताना घरापाशी बोट सांभाळा. ती सुई अजून तिथेच आहे, दोऱ्यासकट. टोचेल.