रोसमनिदारचा रोजा

पाडांग शहरातल्या त्या प्रयोगशाळेत रक्त उपाशीपोटी द्यायचं असे, आणि तिथे एक नियम होता. नळीतलं रक्त यंत्रात फिरवल्यावर वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसलं, की माणूस खाऊन आलाय असं समजायचं आणि नमुना फेकायचा. नियम बहुतेक वेळा खराच ठरायचा, म्हणून तर कुणी त्याला हात लावत नव्हतं.

डॉक्टर देस्मिआर्तीनंही चोवीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागल्या लागल्या, एका मुलीच्या कागदावर 'खाऊन आली' असं लिहिलं होतं. ती मुलगी वर्षभरात पोटाच्या कळांनी गेली. पुढे रक्तातली चरबी हाच देस्मिआर्तीचा विषय झाला. काही घराण्यांत चरबी पचवण्याची ताकदच जन्मतः अधू असते, उपाशी राहूनही रक्त पांढरं राहतं आणि त्यातूनच पोटात जीवघेण्या कळा येतात, हे तिला कळलं. कळलं तेव्हा स्वतःचाच भयंकर राग आला.

त्या मुलीची थोरली बहीण रोसमनिदार आता पन्नाशीला टेकली होती. कळा तिलाही होत्या. यंदा ऐन रमजानात, संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी, देस्मिआर्तीच्या विभागाच्या चरबीच्या अभ्यासासाठी घेतलेला तिचा नमुनाही 'खाऊन आली' म्हणून फेकला गेला. झालं! मावशी चोरून खाते, अशी गावभर कुजबुज सुरू झाली.

देस्मिआर्ती तिच्या घरी गेली आणि जुन्या कागदाचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ते तू लिहिलंस," रोसमनिदार म्हणाली. "मग आता नुसती रडू नकोस. मला तुझ्या साहेबासमोर बसव."

विभागप्रमुख झुलफाहरी ऐकेनात. "अगं, नारळाच्या दुधात पोहणारं गाव ते. एकीसाठी नियम मोडला तर सगळा अभ्यास पाण्यात. फार हट्ट केलास तर तुझं नावच काढीन त्यातून."

"खुशाल काढा, सर. पण उद्या पहाटेपासून ती तुमच्या खोलीत बसणार. डोळ्यांनी बघा."

पहाटे कोरडा भात आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खाऊन रोसमनिदार जी खुर्चीत बसली, ती नमाजापुरतीच उठली, आणि तेव्हाही देस्मिआर्ती सोबत होती. दुपारी झुलफाहरींना डुलकी यायला लागली.

"झोपा हो निवांत," ती म्हणाली. "हवं तर दाराला कुलूप घाला."

ते झोपले नाहीत. सूर्य मावळायला आला तेव्हा त्यांच्यादेखतच रक्त घेतलं. नळी त्यांनी स्वतः यंत्रात ठेवली आणि स्वतः बाहेर काढली. वर पांढराशुभ्र थर होता.

"यंत्रच बिघडलं असेल."

"मग तुमचाही रोजाच आहे, तुमचं रक्त फिरवून बघू," देस्मिआर्तीनं बाही वर करायची खूण केली. त्यांनीही मुकाट्यानं दिलं. ते स्वच्छ निघालं.

तेवढ्यात अजान झाली. दिवसभर कोरड्या पडलेल्या झुलफाहरींनी घाईघाईनं खजुराची बशी पुढे केली. "घ्या मावशी, रोजा सोडा."

रोसमनिदारनं बशी त्यांच्याकडे परत सरकवली.

"आधी कागद."

"अहो, रोजा सोडायला उशीर करू नये."

"मलाही ठाऊक आहे. म्हणून तर लवकर लिहा."

पाहुणीआधी खाणं त्यांना शोभणार नव्हतं. त्यांनी लिहिलं. देस्मिआर्तीनं मोठ्यानं वाचून दाखवलं: "रोसमनिदार उपाशी होती. रक्त तरीही पांढरं. नमुना अभ्यासात घ्यावा."

"खाली सही कुणाची?" रोसमनिदारनं विचारलं.

झुलफाहरींनी सही केली. तिनं ती अक्षर न् अक्षर बोटानं तपासली, कागद घडी करून कमरेला खोचला, आणि मग पाण्याचा पेला उचलला.

"याची नक्कल करून घ्या तुमच्यासाठी," ती म्हणाली. "हा मी उद्या मशिदीच्या दारावर लावणार आहे."