खाली घेतलेला माणूस

मोठे डॉक्टरसाहेब, जिवंत माणसाला उपाशी भुईवर तुम्ही निजवलंत! तुमच्याच वॉर्डात मी पंधरा वर्षं उभी होते, म्हणून तोंडावर सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट. पाय वाकडा झाला तसं साहेबांनी मला भंगारात काढलं. शुक्रवार पेठेतल्या ईरम्मानं मला उचलून आणलं आणि लोहाराकडून पाय सरळ करून घेतला. दवाखान्यानं हात टेकले की ईरम्मा आणि तिच्या गल्लीतल्या चौघीजणी त्या रोग्याच्या घरी जातात. अंग पुसतात, कूस बदलतात, घरच्यांना शिकवतात. लागेल तिथं मलाही नेतात. माणसाचं शेवटचं अंथरूण होण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत कुंभारी गावाहून कुणी शेजाऱ्यानं निरोप धाडला. मला बैलगाडीत घालून नेलं. दारातूनच दिसलं आणि मी हादरले. पोटात गाठ झालेला रामहरी उघड्या जमिनीवर पडला होता. पाच दिवस! पाठ सोलून निघालेली. तोंडात फक्त तुळशीचं पाणी, थेंब थेंब.

"डॉक्टर म्हनले, घरी न्या," त्याची आई बजाबाई सांगत होती. "म्हंजे आजच जायाचा की. म्हून खाली घेतला."

आपल्याकडं जीव जाताना माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. पण ह्याचा जीव कुठं जात होता?

"अय्यो अव्वा, भूक लागलीय त्याला! उचला आधी," ईरम्मा ओरडली.

"खाली घेतलेल्याला परत वर घेत न्हाईत, बाई. घरावर येतंय."

रामहरीनं डोळे उघडले. "आये, मेलो की सांगतो. तवर खाटंवर टाक."

कुणी हसलं नाही. त्याची बायको मथुराबाई पुढं आली. सासूकडं न बघता तिनं नवऱ्याच्या काखेत हात घातले.

रामहरी माझ्यावर बावीस दिवस जगला. पेज प्याला, बायकोशी बोलला. जखमा धुवायला बजाबाईही शिकली. शेवटी ईरम्माला विचारून तिनंच त्याला खाली घेतलं, आणि मांडीवर डोकं ठेवून बसली.

मित्रांनो, आजारी माणसाला काय हवं, ते त्यालाच विचारा.

आणि साहेब, बजाबाई अजून ईरम्माला विचारते, "माझ्या लेकरानं पाच दिस उपाशी काढले, ते कुनामुळं?" ईरम्मा मान खाली घालते. तिनं का घालावी? 'घरी न्या' तुम्ही म्हणालात. घरी नेऊन काय करायचं, ते का नाही सांगितलंत? बोला!