गल्लीचं दुसरं टोक

रस्ते खात्यात काकांकडे एकच काम होतं. रस्ता खणायच्या आधी तिथल्या लोकांना कळवायचं. खोदकाम कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, गाड्या कुठे लावायच्या, पाणी बंद राहणार की नाही. खात्याकडून छापील कागद यायचा. काका तो गल्लीच्या तोंडाशी खांबावर खळ लावून चिकटवायचे, चारही कोपरे तळहाताने दाबायचे, मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवायचे, की झालं काम. आसपासचे सगळे त्यांना रस्तेवाले काका म्हणायचे.

आणि त्यांच्या भागातून कधी तक्रार आली नव्हती. दुसऱ्या भागांत खोदकाम निघालं की लोक मुकादमाच्या अंगावर धावून जायचे. काकांच्या भागात मात्र लोक आदल्या संध्याकाळीच गाड्या हलवून, पाणी भरून तयार असायचे. साहेब नव्या माणसांना मुद्दाम काकांकडे पाठवायचे. काका त्यांना शिकवायचे, "खांब नीट निवडायचा. कागद डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. तिरका लागला की लोकांचा विश्वास उडतो." नवी माणसं मान डोलवायची. काकांना स्वतःलाही ते अगदी खरं वाटायचं.

रात्री जेवताना ते काकूंना सहज सांगायचे, "घड्याळवाल्यांची गल्ली निघाली."

"कधी? सगळी एकदम की अर्धी अर्धी?"

"तुला काय करायचंय? कंत्राट घ्यायचंय का?"

"घेतलं असतं. पण मग तुम्हाला हाताखाली ठेवावं लागेल, तेवढी ताकद नाही माझ्यात."

एकदोन दिवसांनी जेवण वाढता वाढता काकूच म्हणायच्या, "दोन्ही टोकं एकदम उघडू नका म्हणावं. घड्याळवाल्या आजोबांना न्यायला रुग्णालयाची गाडी येते, ती कुठून येणार?" काका नुसतं हं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मुकादमाला गाठून सांगायचे, "हे बघ, आधी हे टोक, ते भरलं की मग दुसरं. माणसांचा विचार करायचा असतो." मुकादम म्हणायचा, "मानलं काका तुम्हाला." काका हसायचे. बायकोचं नाव कधी त्यांच्या तोंडी आलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. त्यांना ते सुचलंच नाही.

मग काकू गेल्या. अंगात कणकण आहे म्हणून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. काका काही दिवस घरी बसले. मग घर अंगावर येऊ लागलं, तसे पुन्हा कामावर जायला लागले. जेवण ओट्यापाशी उभ्याउभ्याच उरकायचे. एकट्याने बसायचं कशाला, असं त्यांना वाटे.

परत आल्यावरचं पहिलं मोठं काम पुन्हा घड्याळवाल्यांच्याच गल्लीचं निघालं. जुना रस्ता उखडून नवा करायचा होता. काकांनी कागद सरळ लावला, कोपरे दाबले, फोटो पाठवला. संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता ते मोठ्याने म्हणाले, "घड्याळवाल्यांची गल्ली निघाली." म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दुसरा बूट पायात तसाच ठेवून ते बराच वेळ बसून राहिले.

खोदकाम सुरू झालं त्या सकाळी मुकादमाचा फोन आला. "काका, या लवकर. इथे मारामारीची वेळ आलीय."

गल्लीची दोन्ही टोकं उखडलेली होती. मधे गाड्या अडकल्या होत्या. कुणाच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. पलीकडच्या टोकाला, खड्ड्याच्या पार, रुग्णालयाची गाडी उभी होती. घड्याळवाल्या आजोबांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड ही गाडी त्यांना रक्त शुद्ध करायला घेऊन जायची. आजोबा दारात खुर्चीवर कपडे करून बसलेले, आणि त्यांची सून खड्ड्याच्या कडेला उभी राहून ड्रायव्हरला हात जोडत होती.

"ताई, मी पण काय करू?" ड्रायव्हर ओरडून म्हणाला. "आणखी तीन पेशंट घ्यायचेत. फळी टाकून त्यांना आणता येईल का?"

"त्यांना उभंसुद्धा राहता येत नाही हो!"

गाडी गेली. काका तिथेच उभे होते. कुणीतरी विचारलं, "काका, आधी सांगायचं नाही का?" काकांनी खांबाकडे बोट दाखवलं. "लावलाय की कागद."

"खांबावरचं कोण वाचतं? तिथे शिकवण्या, भाड्याच्या खोल्या आणि हरवलेलं मांजर. ते मांजरही सापडून म्हातारं झालं."

दोनचार जण हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजोबांना धाप लागली. चौघा मजुरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खड्ड्यापार नेलं. रुग्णालयाने त्यांना ठेवून घेतलं. रात्रभर काही खरं नव्हतं म्हणतात. मग हळूहळू श्वास ताळ्यावर आला.

साहेबांनी गल्लीतल्या लोकांची बैठक शाळेच्या वर्गात घेतली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. साहेबांनी मोबाइलवरचा फोटो फिरवून दाखवला. "कागद वेळेत लागला होता. आणि आमचे काका नुसता कागद लावून थांबणारे नाहीत. इतकी वर्षं एक तक्रार नाही. काका, तुम्ही घरोघर सांगितलं होतं ना?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नाही म्हणायला फार वेळ लागला नसता.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतं."

वर्गात कुजबुज झाली. "कधी आले होते?" एकजण म्हणालाच. काकांनी नकळत आजोबांच्या सुनेकडे पाहिलं. ती उठली तर सगळं संपलं असतं. ती उठलीही.

"आले असतील," ती म्हणाली. "त्या दिवसांत मी आजोबांच्या गडबडीत होते. माझंच लक्ष नसेल."

आणि ती खाली बसली. तिचं बघून बाकीचेही गप्प झाले. साहेबांनी आभार मानले. जाताना त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप घरी पोचेपर्यंत काकांच्या पाठीवर होती.

त्या रात्री त्यांनी ओट्यावर ताट ठेवलं आणि तसंच झाकून टाकलं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, असं त्यांना पुन्हा पुन्हा वाटत होतं. तिने त्यांना सांभाळून घेतलं होतं. तिच्या सासऱ्याचा जीव जाता जाता वाचला आणि तिने त्यांची लाज राखली.

आजोबा घरी आले त्या दिवशी काका त्यांच्या दाराशी गेले. सून कपड्यांच्या घड्या करत होती. "या काका, बसा."

"बसत नाही." ते उंबऱ्यातच उभे राहिले. "मी आलो नव्हतो सांगायला."

"माहितीय मला."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

तिने हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला. "काकू गेल्यापासून तुम्ही मान खाली घालून चालता. त्यात आणखी चारचौघांत काय बोलायचं? राग होताच हो मला. अजूनही आहे." मग ती म्हणाली, "काकू यायच्या ना. प्रत्येक वेळी. इथेच बसायच्या. गाडी कुठल्या दिवशी, कुठल्या टोकाने, आजोबांना चालवत आणायचं की खुर्चीत, सगळं विचारून जायच्या. शेजारच्या बाळंतिणीकडे, वरच्या मजल्यावर, सगळीकडे. म्हणायच्या, यांना विचारायला आवडत नाही, म्हणून मी फिरते."

जेवताना ऐकलेली ती वाक्यं त्यांना आता एकेक करून आठवू लागली. नव्या माणसांना त्यांनी खांब कसा निवडायचा ते शिकवलं होतं!

"गाडी आता कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"परवा. खालच्या टोकाने. आजोबांना खुर्चीतच आणावं लागेल."

काका तिथून थेट साहेबांकडे गेले. "बैठकीत मी खोटं बोललो," ते म्हणाले. साहेबांनी कागदावरची नजर वर केली नाही. "काका, मिटलंय ते. आता उकरून काढू नका." काका बाहेर आले. मग त्यांनी मुकादमाला गाठून खालचं टोक आधी भरून घ्यायला सांगितलं. "आलं बघा काकांचं डोकं ठिकाणावर!" मुकादम मजुरांना म्हणाला. काकांना खाली बघावं लागलं.

गाडीच्या दिवशी खालचं टोक मोकळं होतं. वरच्या टोकाला रोलर घरघरत होता. बरीच माणसं दारांत आली होती. काकांनी आणि ड्रायव्हरने खुर्ची उचलून आजोबांना गाडीत बसवलं. आजोबांनी काकांचा हात धरून ठेवला. "बरं झालं रे! तुझं लक्ष असतं म्हणून आमचं चालतं."

काकांना वाटलं, आत्ता गप्प राहिलं की हेही आपल्याच नावावर जमा होणार.

"माझं नसतं हो लक्ष," ते म्हणाले.

"आँ?" रोलरच्या आवाजात आजोबांना ऐकू गेलं नाही.

"माझं नसतं!" काका ओरडले. "ती ठेवायची लक्ष! मी फक्त कागद चिकटवायचो! आणि बैठकीत मी खोटं बोललो!"

रोलरवाल्याने तेवढ्यात इंजिन बंद केलं होतं. शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं. मुकादम त्यांच्याकडे बघत राहिला. दारातली माणसं मात्र आश्चर्याने बघत नव्हती. त्यांतल्या काहींनी नजर दुसरीकडे वळवली, आणि काकांना कळलं की हे सगळ्यांना कधीपासून ठाऊक होतं.

"अरे, हे काय सांगतोस?" आजोबा म्हणाले. "आम्हाला काय खांब सांगत होता?"

ड्रायव्हरने दार लावलं. गाडी खालच्या टोकाने बाहेर पडली. काका तिथेच उभे राहिले. निघून जावं असं फार वाटत होतं, पण वरचं टोक अजून व्हायचं होतं आणि बाळंतिणीच्या घरी कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि तिचं दार वाजवलं. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग कडी निघाली.

"झोपलं होतं का हो?" काकांनी विचारलं. "मी नंतर येऊ?"