चार बोटांची हळद

“काढायचं म्हणजे काढायचं,” भूपेश म्हणाला. “पार्टी बोलते, नवरीची मम्मी हळद लावताना नको. उधर एक सफेद फ्लॅश मार, कोणाला कळणार पण नाही.”

मीनलने माउस आपटला. खालच्या मजल्यावर जीन्स शिवणाऱ्या मशिनी धडधडत होत्या, म्हणून तो आवाज भूपेशपर्यंत पोचला नाही. कॅम्प तीनमधल्या त्याच्या स्टुडिओत ती लग्नाच्या फिल्म जोडायची, आणि फ्लॅश हा शब्द आताशा तिला शिवीसारखा वाटायचा. हार घातला की फ्लॅश, अक्षता पडल्या की फ्लॅश, नवरा घोड्यावर चढला की फ्लॅश. काम तसं सोपं. चित्रांच्या वर एक रिकामा थर अंथरायचा, त्याला अ‍ॅडजस्टमेंट लेअर म्हणतात. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे त्या थराचा उजेड एकदम चढवायचा आणि लगेच उतरवायचा. खालचं सगळं क्षणभर पांढरं होतं, डोळे दिपतात, आणि मधलं काय गेलं ते पाहणाऱ्याला कळत नाही. गिऱ्हाइकाची नुसती हौस होती तोवर तिने दात-ओठ खाऊन ते केलं. आता त्या उजेडाआड एक माणूस गडप करायचं होतं.

ते माणूस म्हणजे नवरीची आई, वेणूबाई. बदलापूरजवळच्या गावातली शेतकरी बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. किर्तीच्या हळदीला पाच सवाष्णी आंब्याच्या पानाने हळद लावत होत्या. पान गालाला टेकवायचं आणि मागे सरायचं. वेणूबाई लांब मांडवाच्या खांबापाशी उभी होती. किर्ती पाटावरून उठली, आईला ओढत घेऊन आली, तिचा हात हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर दाबून धरला. अख्ख्या फिल्ममध्ये कॅमेऱ्यासाठी केलेलं नव्हतं असं तेवढंच होतं. पण रविवारी अंबरनाथला, किर्तीच्या सासरी, पूजेनंतर साऱ्या नातेवाइकांना ही फिल्म दाखवायची होती. विधवेचा हात सुनेच्या गालाला लागलेला चारचौघांत दिसायला नको, असं सासऱ्यांनी फोनवर कळवलं होतं.

“मी नाही काढणार, भूपेशभाई,” मीनल म्हणाली.

भूपेशने तिला शांतपणे सांगितलं की गिऱ्हाइकाचं घर आपण चालवत नाही, फक्त फिल्म देतो. मीनलच्या लग्नात तिची विधवा आई सकाळपासून स्वयंपाकघरात चहा गाळत राहिली होती, आणि तिच्या अल्बममध्ये आईचा एकही फोटो नव्हता. हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता. ती पर्स उचलून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा वेणूबाई स्टुडिओत बसलेली होती. शेअर रिक्षा विचारत विचारत एकटीच आली होती. बाई भांडायला आली असणार, असं वाटून मीनलला बरं वाटलं. चला, कुणीतरी आपल्या बाजूने बोलेल.

“ताई, मला काढा त्याच्यातनं,” वेणूबाई म्हणाली. “पोरीला इचारू नका. ती नाय बोलंल.”

“तुम्हीच असं म्हणता?”

“तिला तिथं नांदायचं हाय. बोलनी तिला खावी लागतील, मला नाय.”

मीनलचा संताप संताप झाला. सासऱ्यांचा राग होता, भूपेशचा होता, पण या क्षणी सगळ्यात जास्त राग तिला या बाईचा आला. मग ती बाई स्टुलाच्या कडेला कशी अंग चोरून बसली आहे ते तिने पाहिलं, आणि तो राग कुणावर काढायचा तेच तिला कळेना. तिने कॉम्प्युटर चालू केला. वेणूबाईच्या हाताचं दृश्य कापलं, वर थर अंथरला, उजेड चढवला, उतरवला. रागात केलेलं काम निदान वाकडं तरी व्हावं. पण फ्लॅश अगदी बेमालूम जमला. त्याचाही तिला राग आला.

तिने फिल्म लावली. पाचवी सवाष्ण मागे सरली. पडदा पांढरा झाला. मग डोळे पुसत हसणारी किर्ती दिसली, आणि तिच्या गालावर चार बोटं उमटलेली होती, ठसठशीत पिवळी. पुढे बांगड्या भरतानाही ती बोटं होती, मामा नाचत होता तेव्हाही होती.

मागे उभा राहून पाहणारा भूपेश पुढे वाकला. “ये भी निकाल. मिटव ते.”

“नाही निघत ते,” मीनल म्हणाली.

हे खोटं होतं. थोडं खपलं असतं तर निघालं असतं, आणि ते भूपेशलाही माहीत होतं. त्याने एकदा स्टुलावरच्या बाईकडे पाहिलं, मग चहा सांगून येतो म्हणून तो जिना उतरून गेला.

वेणूबाईने उजवा हात पदराला पुसला. तो पडद्याजवळ नेऊन तिने थोडा वेळ तसाच धरला, काचेला लागू दिला नाही.

“कुनाची बोटं हाईत, ते लोकान्ला कळंल?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या,” वेणूबाई म्हणाली.