शहाऐंशी सेकंद

घड्याळवाल्याने अकरा वर्षांत तो उपग्रह एकदाही पाहिला नव्हता. आता बोला! वही मात्र सगळी त्याच्याच अक्षरात भरलेली.

आकाशाचा नाद मुळात बायकोचा. ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. खूप उंचावर एक बंद पडलेला उपग्रह गिरक्या घेत असतो. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास, आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी तो दर शहाऐंशी सेकंदांनी लख्खकन चमकायचा, तोही जेमतेम दहा-बारा मिनिटं. ती दुर्बिणीला डोळा लावून "आला!" म्हणायची, की हा टक्‌कन स्टॉपवॉच दाबून आकडा लिहायचा.

"अहो, एकदा तरी मान वर करा!" ती वैतागायची.

"सेकंद चुकेल. पुढच्या खेपेला बघतो. तो कुठे पळून जातोय?"

तो नाहीच गेला. गेली ती. चार महिन्यांपूर्वी, साध्या तापाचं निमित्त होऊन.

आज त्याची या घरातली शेवटची संध्याकाळ. सकाळी लेक न्यायला येणार होती, आणि तिच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसायची. बायकोने सांगितलेल्या, वहीत टिपलेल्या खुणा बघून त्याने दुर्बीण रोखली. सलग शहाऐंशी सेकंद वर बघायचं, एवढंच काय ते काम. पण अकरा वर्षांची खोड! मिनिट सरत आलं की मान आपसूक खाली, हातातल्या काट्याकडे. पुन्हा वर बघेपर्यंत तो चमकून गेलेला, नुसता काळोख. एकदा नाही, चांगलं पाच वेळा.

"गाढव आहेस लेका," तो स्वतःवरच खेकसला. दोन-तीन मिनिटंच उरली होती. त्याला रडू यायला लागलं. शेवटी त्याने स्टॉपवॉच शेजारच्या तिच्या खुर्चीवर ठेवलं.

"घे बाई. आज तू दाब."

आणि तो बघत राहिला. डोळ्याला पाणी आलं तरी मान हलवली नाही.

काळ्याभोर आभाळात ठिणगी उडावी तसा तो चमकला आणि विझला. एवढासा, पण काय झळझळीत!

"आला!" तो केवढ्यांदा तरी ओरडला.

आणि कान देऊन टक्‌ची वाट बघत बसला.